रुमालाखालचं व्हेनिस

इटलीला जायचं ठरलं तेव्हा इटलीत काय आहे हे आमच्यापैकी एकालाही धड माहीत नव्हतं. ठिबकच्या नळ्या आणि पाणबुडी मोटारी बनवणारी एक कंपनी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या ज्या दुकानदारांनी ठरवून दिलेला माल खपवला, त्यांना ती बायकोसकट परदेशात फिरवून आणते. एकदा बँकॉक झालं, एकदा दुबई झाली. या खेपेला इटली निघाली. सात रात्रींत सगळा देश बघून होत नाही, म्हणून कंपनीनं कळवलं की मुक्काम दोनच, रोम आणि व्हेनिस. कुठं किती रात्री राहायचं ते दुकानदारांनी आपसांत ठरवावं. जिथं जास्त रात्री पडतील तिथं एक दिवस मोकळा मिळेल, त्या दिवशी ज्याला जिकडं जायचं तिकडं त्यानं जावं.

आपसांत ठरवा, हे आम्हाला सांगायला नको होतं.

मला तो मोकळा दिवस व्हेनिसला पाहिजे होता. व्हेनिसपासून रेल्वेनं अर्ध्या तासावर पाडुआ नावाचं गाव आहे. माझी एकुलती एक मुलगी तिथं शिकायला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. ती गेल्यापासून तिच्या आईनं तिला फोनच्या काचेतच बघितलं होतं. आम्ही आपले आपण व्हिसासाठी अर्ज करून बघितला, तो नामंजूर झाला. का, ते त्या कागदावरून मला आजतागायत कळलेलं नाही. कंपनीच्या जथ्यात नाव असलं की व्हिसा मिळतो, एवढं कळलं. मुलगी इकडं येत नव्हती, आणि येणारही नव्हती. त्याचं कारण माझा थोरला भाऊ.

तो प्रसंग सांगतो. मुलगी बारावीला होती. लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवर वर्गातल्या एका मुलाशी बोलत उभी होती. वही मागत होती की देत होती, मी तिला कधी विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही नाही. भावाचं दुकान तिथून जवळच. तो दुकानातून ठिबकच्या काळ्या नळीचा तुकडा घेऊन आला आणि भर स्टँडवर, कंडक्टर, केळीवाले, पोरं सगळे बघत असताना तिला मारत घरापर्यंत आणलं. मी तेव्हा शेळ्यांचा व्यापार करायचो आणि त्या दिवशी बाजाराला गेलो होतो. आलो तर पोरगी पालथी पडलेली. वैनी तिच्या पाठीला हळद-तेल लावत होती. पाठीवर दोरखंड टाकल्यासारखे वळ उठलेले, दोन ठिकाणी कातडी फाटलेली. मी कुऱ्हाड घेतली. आई उंबऱ्यात आडवी पडली.

"माझ्या अंगावरनं जा आन् मग त्याला मार," म्हणाली.

आईच्या अंगावरून जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून घराच्या मधोमध भिंत घातली. शेळ्या सोडल्या, आणि भावाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, तोच माल विकायचं दुकान टाकलं. मुद्दाम टाकलं. त्याचं गिऱ्हाईक तोडण्यात मला जेवढं सुख मिळालं तेवढं कशातच मिळालेलं नाही. तरी ते पुरं पडलं नाही. त्या दिवशी त्याला मारायचं जे राहिलं, ते माझ्या अंगावर कर्जासारखं तसंच होतं.

आणि आता कंपनीच्या जथ्यात तोही होता.

मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, तो माणूस ज्या हॉटेलात उतरेल त्याच्या पायरीवरसुद्धा मी येणार नाही. आईला माझ्या घरी आणा." तिची आई फोन ठेवल्यावर कोपऱ्यातल्या कोठीतून ज्वारी काढून निवडायला बसली. तिकडं न्यायचं पीठ ताजं पाहिजे म्हणे.

मी मतं गोळा करायला निघालो. बाजारात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माकणीच्या दुकानदाराचे गुडघे गेलेले. त्याला म्हणालो, "रोमला पायी चालून जीव जाईल. व्हेनिसला सगळीकडं नाव. बसल्या जागी गाव बघायचं." व्हेनिसला दर गल्लीत पूल आहे आणि दर पुलाला पायऱ्या, हे मुलीनं मला सांगितलं होतं. ते मी बोललो नाही. शेळीचा दात पडलाय हे विकणारा सांगत नसतो, घेणाऱ्यानं तोंड उघडून बघायचं असतं.

परंड्याच्या चाचांना खाण्याची काळजी होती. म्हणालो, "चाचा, माझी लेक तिथं आहे. तुमचं चालणारं हॉटेल शोधून ठेवील."

"बेटी देखती बोले तो बात खतम," चाचा म्हणाले. "अपना व्हेनिस."

सोनारीच्या दुकानदाराला तर काही सांगावंच लागलं नाही. रोमचे फोटो बघून तोच म्हणाला, "ही समदी पडकी देवळं. आमच्या काळभैरवाचं देऊळ धड उभं हाय. ते सोडून पडकी बघाया एवढ्या लांब कशाला जाऊ?"

भावानंही हातपाय हलवले होते. त्याचा मुद्दा वाईट नव्हता, हे मला कबूल करावं लागतं. तो म्हणत फिरत होता, "इटलीला जाऊन रोम न्हाय बघितलं म्हणजे तुळजापूरला जाऊन देवी न बघता माघारी आल्यागत." या जिल्ह्यात या वाक्याला उत्तर नाही. तुळजापूर-उमरग्याकडची सगळी मतं त्यानं एका वाक्यात नेली.

बैठक धाराशिवच्या बाहेर, सोलापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. बायका शेजारच्या खोलीत जेवायला बसल्या होत्या. पुण्याहून कंपनीचा एक तरणा अधिकारी आला होता, गळ्यात टाय, हातात लेसरचा लाल ठिपका. पडद्यावर तो एकेक शहर दाखवायला लागला.

"हे व्हेनिस. संपूर्ण शहर पाण्यात आहे."

"पाणी तर माकणीच्या धरणात बी हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"धरणात घरं कुठाईत?"

"हाईत की. बुडालेली."

सगळे हसले. भाऊ हसला नाही. तो उभा राहिला, माझ्याकडं बोट केलं आणि त्या पुण्याच्या पोराला म्हणाला, "साहेब, ह्याला व्हेनिस कशाला पाहिजे ते मी सांगतो. ह्याची लेक तिकडं हाय. घराण्याचं नाक कापून गेली ती. तिच्या दारात आमी समद्यांनी वरात काढून जायाचं व्हय?"

मी खुर्ची उचलली होती. चाचांनी मागून माझ्या कमरेला मिठी मारली आणि माकणीवाल्यानं खुर्चीचा पाय धरला. मतं मोजली तर निम्मी इकडं, निम्मी तिकडं. टायवाला म्हणाला, मग चिठ्ठी टाकू. ते कुणालाच पटलं नाही. चिठ्ठी म्हणजे नशीब, आणि हॉलमधला निम्मा जमाव शेळ्या-म्हशींच्या बाजारातून वर आलेला. तिथं नशिबावर सौदा सोडत नाहीत.

तेव्हा ईट गावचे म्हातारे उठले. आमच्यात सगळ्यांत वडील, दुकान मुलाचं, स्वतः अजून बाजाराला जाणारे. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला.

"भाऊ हाईत," म्हणाले. "रुमालाखाली हात घालू द्या दोघांना. हातात हात घेतला की रगत रगताला वळखतंय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनावरांच्या बाजारात पक्का भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एका फडक्याखाली हात घालतात. समोरच्याची जेवढी बोटं धराल तेवढा तुमचा भाव. दोन धरली तर दोन, मूठ धरली तर पाच. बोलायचं नाही, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. हात आधी काढील तो सौदा हरला. आणि शेवटी जो आकडा धरलेला असेल तो पक्का, त्याच्यावर देवसुद्धा बोलत नाही. आम्ही दोघं भाऊ हे एकाच बाजारात, एकाच बापाकडून शिकलो होतो.

ठरलं असं की तो रोमच्या रात्री मागणार, मी व्हेनिसच्या. सातांत चार ज्याच्याकडं पडतील त्याचा मोकळा दिवस. म्हाताऱ्यांनी पंचा टेबलावर पसरला आणि आम्ही दोघांनी समोरासमोर बसून उजवे हात खाली सारले.

मुलगी बारावीला असल्यापासून मी त्याला शिवलो नव्हतो. त्याचा हात गरम होता आणि ओला होता. त्यानं पहिल्यालाच माझी मूठ धरली. पाच. मी त्याची चार धरली. त्यानं पुन्हा मूठ दाबली, अशी की बोटांची हाडं एकमेकांवर चढली. मी चारच. तो चारवर आला. मी चार. तो चार. त्याची नखं माझ्या मनगटात गेली, माझी त्याच्या. पंचा हलतो म्हणून म्हाताऱ्यांनी त्याच्या चारी कोपऱ्यांवर पाण्याचे ग्लास ठेवले. वरून बघणाऱ्याला दोन भाऊ देवाची शपथ घेताहेत असं वाटलं असतं.

मग त्यानं सगळी बोटं सोडली आणि फक्त माझी करंगळी धरली.

एक. हा एक रात्र मागतोय, असं मला वाटलं. हॉलमधला आवाज माझ्या कानातून गेला. मनात म्हणालो, याला आठवलं. पोरीची पाठ आठवली असेल, आई आठवली असेल, काय असेल ते असो, यानं सोडून दिलं. माझा हात ढिला पडला. आणि तेवढ्यात त्यानं करंगळी मागं वळवली. पूर्ण वळवली. ओली फांदी मोडताना जसा आतून आवाज येतो तसा आला, बाहेर कुणाला ऐकू गेला नाही, मला हातातून थेट दातांत ऐकू आला. डोळ्यांसमोर पांढरं झालं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी ओरडावं, हात काढावा, एवढंच त्याला पाहिजे होतं. हात काढला की सौदा त्याचा.

मी हात काढला नाही. घाम गळून डोळ्यांत आला तरी पापणी हलवली नाही. तो मोडलेलं बोट पुन्हा पिळायला लागला. त्यानं अजून तेवढं एकच बोट धरलेलं होतं. आणि मग मला दिसलं. बाजारातला माणूस आहे मी. मोडक्या बोटानंसुद्धा मला दिसलं.

"आण्णा," मी म्हाताऱ्यांना म्हणालो, "सौदा झाला. पंचा काढा."

भावाला कळायच्या आत म्हाताऱ्यांनी पंचा ओढला. ग्लास पडले. टेबलावर त्याची मूठ होती आणि मुठीत माझी एकच करंगळी, उलट्या अंगाला पडलेली. टायवाल्याच्या हातातून ते लाल ठिपक्याचं यंत्र खाली पडलं.

"मोजा," मी म्हणालो. "एक बोट. रोम एक रात्र. ऱ्हायल्या सहा, त्या व्हेनिसला."

"म्या भाव न्हाय दिला!" भाऊ ओरडला.

"मग एक बोट धरून काय करत होतास?"

ईटचे म्हातारे त्याच्या अगदी तोंडाजवळ वाकले. "बोल की रं. आकडा देत हुतास, का पाठच्या भावाचं बोट मोडत हुतास? दोन्हीतलं एक बोल."

दोन्हीतलं एकही त्याला बोलता येईना. बोट मोडलं म्हणावं तर जिल्ह्याच्या बाजारात पुन्हा कुणी त्याच्या हातात हात दिला नसता. "एक रात्र," म्हाताऱ्यांनी हॉलकडं वळून सांगितलं.

मग तो टेबलावरून माझ्यावर आला. त्याचं डोकं माझ्या नाकावर आदळलं आणि मी खुर्चीसकट मागं गेलो. पडताना मोडलेलं बोट फरशीवर टेकलं. त्या कळेनं मला जेवढी ताकद दिली तेवढी आयुष्यात कधी आलेली नाही. त्यानं बरगडीत लाथ घातली. मी त्याचा पाय धरून ओढला, तो भज्यांच्या ताटावर पडला. डाव्या हाताला पाण्याचा स्टीलचा जग लागला. मी तो उचलून त्याच्या तोंडावर मारला, आणि पुन्हा मारला. पडद्यावर तेव्हा पिसाचा कलता मनोरा चालू होता. भाऊ त्या उजेडात उठला तेव्हा मनोरा त्याच्या तोंडावर आला होता आणि त्याच्या पायथ्यातून रक्त गळत होतं. तो थुंकला तर दात पडला. त्यानं माझा गळा धरला. मी त्याचा कान धरला. कुणीतरी मला मागून मारत होतं, नंतर कळलं की तो सोडवत होता. टायवाला मध्ये आला, त्याचा टाय माझ्या हाताला लागला आणि मी भावाची कॉलर समजून तो ओढत राहिलो. माणूस निळा पडेपर्यंत ते कळलं नाही.

चौघांनी मला भिंतीला दाबलं, चौघांनी त्याला. बायका धावत आल्या. वैनीनं पदर भावाच्या तोंडाला लावला. माझी बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नाकातलं रक्त बघितलं, लोंबकळणारं बोट बघितलं.

"व्हेनिसचं काय झालं?" तिनं विचारलं.

"सहा रात्री."

ती जवळच्या खुर्चीत बसली आणि तिनं डोळे मिटले.

दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरनं विचारलं, बोट कशात सापडलं. मी म्हणालो, दारात. शेजारच्या बाकावर भाऊ तोंडात कापूस धरून बसला होता. डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं. "आणि हे?" भाऊ कापसातून म्हणाला, "दारातच." डॉक्टर म्हणाला, "दार बदला."

कंपनीनं आम्हा दोघांची नावं काढून टाकली. ते रास्त होतं असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. पहिला हात त्यानं टाकला होता, आणि तोही लपवून. पण टायवाल्याच्या गळ्यावरचे वळ मी घातलेले, म्हणून मलाही तीच शिक्षा. रोमवाल्यांनी लगेच उचल खाल्ली: भांडणारेच येत नाहीत तर रात्री पुन्हा वाटून घेऊ. ईटच्या म्हाताऱ्यांनी त्यांना एवढंच सांगितलं की फडक्याखालचा सौदा माणूस मेला तरी मोडत नाही, मग नुसता घरी बसला म्हणून कसा मोडेल. रात्री तशाच राहिल्या. बायकांची नावंही राहिली.

मला वाटलं होतं बायको एकटी जायला घाबरेल. ती म्हणाली, "तुमी दोघं न्हाई ते बरं झालं."

दोन दिवसांनी भिंतीपलीकडून वैनीचा आवाज आला. मधल्या सगळ्या वर्षांत ती या भिंतीवरून बोलली नव्हती. "बाई," ती माझ्या बायकोला म्हणाली, "म्या बी येते. मला तिकडचं विमानाचं काय कळत न्हाई, माझा हात धरून ने."

मी भडकलो. त्याची बायको माझ्या लेकीच्या दारात जाणार? मी भिंतीवर लाथ मारली, बायकोला म्हणालो, सांग तिला, नाही न्यायची.

"पोरीच्या पाठीला हळद कुणी लावली?" बायको म्हणाली. "तुमी बाजारात होता आन् मी शेतात. तिला मी नेणार."

आणि नेलं. मोकळ्या दिवशी दुपारी मी दुकानात गल्ल्यावर बसलो असताना फोन वाजला. काचेत पाडुआचं स्वयंपाकघर होतं, अगदी लहान. माझी बायको ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती आणि वैनी त्या काचेच्या शेगडीवर ती कशी भाजावी या विचारात चिमटा धरून उभी होती. "जाळ कुठंय हिचा?" विचारत होती. बायको हसत होती. मी तिला असं हसताना किती वर्षांनी बघितलं ते मला सांगता येणार नाही.

मुलीनं फोन हातात घेतला.

"पप्पा, बोट दाखवा."

मी दाखवलं. हाड जुळलं होतं, पण वाकडंच जुळलं होतं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "समोरचं दुकान उघडं आहे?"

"आहे."

"आहेत ते?"

"बसलाय."

"फोन तिकडं फिरवा."

मी दारात जाऊन फोन रस्त्याच्या पलीकडं धरला. भाऊ गल्ल्यावर एकटा बसला होता. त्यानं वर बघितलं. आधी मी दिसलो, मग माझ्या हातातला फोन दिसला. कोण बघतंय ते त्याला कळलं. त्याचा हात तोंडाकडं गेला, पडलेल्या दाताच्या जागेवर, आणि तिथंच राहिला. मग तो उठला आणि दुकानाच्या पायरीपर्यंत आला. मी उजव्या हातानं दारामागचा मोठा पाइप-पाना उचलला. म्हणालो, ये. आज आई उंबऱ्यात नाही. ये.

तो पायरीवर थांबला. वर हात करून त्यानं शटरची कडी धरली आणि आत उभा राहून, भर दुपारी, शटर स्वतःवर ओढून घेतलं.

फोनमध्ये मागं वैनी विचारत होती, काय बघतीस गं, कोण हाय.

"ठेवते पप्पा," ती म्हणाली. "भाकरी गार होतेय."

फोन बंद झाला. मी पाना हातात धरून दारात उभा होतो. येणारेजाणारे बघत होते. त्यानं रस्ता ओलांडायला पाहिजे होता, असं मला अजूनही वाटतं.